लाकूड फोडण्या-तोडण्यासाठी मोठे पाते: कोयता, खुकरी की परदेशी सुरा?

आडवाट (धागाकर्ता)

लांजा तालुक्यात आमची वडिलोपार्जित काजू-आंब्याची साडेतीन एकर बाग आहे. गेली दोन वर्षे मी महिन्यातून एकदा पुण्याहून तिथे जातो आणि तीन-चार दिवस राहतो. कामे ठरलेली असतात. पावसात मोडून पडलेल्या काजूच्या फांद्या उतरवायच्या, मनगटाएवढ्या जाडीच्या फांद्यांचे चुलीसाठी सरपण करायचे, कुंपणासाठी चिवा (बारीक बांबू) तोडून त्याचे खुंट करायचे आणि पाणंदीत घुसलेली करवंदे व रानमोडीचे तण मागे रेटायचे. जाड ओंडक्यांसाठी घरात कुऱ्हाड आहे, परंतु ती शेजारचे काका चालवतात. माझ्या हाती ती दिली की तेच चार पावले मागे सरकतात.

मला या सर्व कामांसाठी एकच मोठे, न मिटणारे पाते हवे आहे. परदेशी चित्रफिती पाहून मी गेल्या वर्षी एक सुरा ऑनलाइन मागवला होता. दहा इंच पाते, पाठीवर करवतीसारखे दाते, पोकळ मूठ आणि मुठीच्या बुडाला होकायंत्र. तिसऱ्या दिवशी काजूच्या सुक्या फांदीवर वार करताना पाते मुठीतून निसटून सहा-सात फुटांवर जाऊन पडले. त्या दिशेला कोणी उभे नव्हते एवढेच नशीब. उघडून पाहिले तेव्हा पात्याची जेमतेम दीड इंचाची शेपटी एका नटाने अडकवलेली होती.

आता पुन्हा पैसे घालवण्यापूर्वी जाणकारांना विचारतो आहे. लांबी किती असावी, जाडी किती असावी, कोणते पोलाद घ्यावे? आणि जिथे प्रत्येक घरात कोयता आहे तिथे मी बाहेरचा सुरा शोधतो आहे, हे मुळातच चुकते आहे का?

मिरगाचा_पाऊस

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: होय, थोडेसे चुकते आहे. मी कणकवलीजवळ राहतो आणि आमच्याकडे शेतावर जाणारा माणूस कमरेच्या आकडीत कोयता अडकवल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. आकडीमुळे कोयता पाठीमागे लटकतो, दोन्ही हात मोकळे राहतात आणि म्यानाची गरज पडत नाही.

कोकणी कोयत्याची रचना नीट पाहा. पात्याची धार आतल्या बाजूने वळलेली असते आणि टोकाला चोच असते. बारीक फांदीवर मारले की ती निसटत नाही, वळणात अडकून धारेकडेच ओढली जाते. करवंदाच्या जाळीत हात न घालता चोचीने फांदी आपल्याकडे ओढता येते आणि तोडता येते. शिवाय बांधावर किंवा कातळावर काम करताना चोच आधी दगडाला लागते आणि धार वाचते. तुमच्या पाणंदीच्या कामासाठी याहून चांगले हत्यार मला माहीत नाही.

मात्र याच चोचीचा तोटाही आहे. जमिनीवर आडवे ठेवलेले लाकूड तोडताना चोच आधी भुईला टेकते, आणि लाकूड उभे धरून, पाते वर ठेवून, पाठीवर सोट्याने ठोकत फोडायचे असेल तर आतून वळलेली धार लाकडाच्या माथ्यावर सरळ बसत नाही. आमच्याकडे त्यासाठी कुऱ्हाडच घेतात. चित्रफितीतील मंडळी सुऱ्याच्या पाठीवर दंडुका का हाणतात, हे मला अजून उमगलेले नाही.

उत्तरवारा

ते मी सांगू शकतो, कारण गेली नऊ वर्षे मी फिनलंडमध्ये आहे आणि इथे येऊन मीही तेच करू लागलो आहे.

इथले लाकूड बर्च आणि स्प्रूस या झाडांचे. रेषा सरळ, गाठी मोजक्या. अशा लाकडाच्या माथ्यावर पाते ठेवून पाठीवर सोटा मारला की ते सरळ दुभंगत जाते. वर्षातील बराच काळ बाहेरचे लाकूड ओले किंवा बर्फाने माखलेले असते आणि कोरडा भाग फक्त गाभ्यात मिळतो, त्यामुळे विस्तव पेटवण्यापूर्वी लाकूड उभे चिरावेच लागते. दुसरे असे की इथे रानात भटकण्याचा हक्क सर्वांना आहे, पण दुसऱ्याच्या जमिनीवरील झाड तोडण्याचा किंवा पडलेले सुके लाकूड उचलण्याचा हक्क त्यात येत नाही. म्हणून पायवाटांवर जे निवारे बांधलेले आहेत, तिथे पुष्कळदा सरपणाचे कापलेले ओंडके ठेवलेले असतात. प्रवाशाने ते फोडून वापरायचे. थोडक्यात, इथला मोठा सुरा तोडण्यापेक्षा फोडण्यासाठी जास्त चालतो.

यातही गंमत अशी आहे की सामान्य फिनिश माणसाच्या कमरेला असतो तो पुक्को, चार इंचांच्या आतबाहेरचा छोटा सुरा. मोठे पाते हे उत्तरेकडील सामी लोकांचे. त्यांच्या लेउकूचे पाते साधारण आठ इंचांचे असते. तिकडे उंचावर झाडे म्हणजे बुटके, वेडेवाकडे बर्च, बोटभर ते मनगटभर जाडीचे. त्यांच्यासाठी कुऱ्हाड बाळगणे म्हणजे विनाकारण ओझे, आणि पुक्को अपुरा. मधल्या जागेत लेउकू बसला. अलीकडे इथे स्क्रामा नावाचा एक आधुनिक सुरा लोकप्रिय आहे: २४० मिलिमीटरचे पाते, ८०सीआरव्ही२ हे कार्बन पोलाद आणि मुद्दाम लांब ठेवलेली मूठ. मागे धरले की वार पडतो, पुढे धरले की तासता येते. मला त्याच्या पोलादापेक्षा त्या मुठीचेच जास्त कौतुक वाटते.

तुमच्याकडे काजू आणि ऐन आहे, बर्च नाही. इथल्या चित्रफिती पाहून तिथले हत्यार ठरवू नका.

ऐरण

मी धातुशास्त्राचा माणूस, कोल्हापुरात कारखान्यात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी घरामागे छोटी भट्टी पेटवतो. धागाकर्त्यांनी पोलाद शेवटी विचारले आहे. बहुतेक लोक ते सर्वात आधी विचारतात, म्हणून त्यांचे अभिनंदन.

मोठ्या पात्यात महत्त्वाचे काय, तर पाते मुठीत कुठपर्यंत जाते हे. तुमच्या सुऱ्याचे पाते उडाले त्याचे कारण पोलाद वाईट होते असे नाही (कदाचित तेही असेल), तर दीड इंचाच्या शेपटीवर दहा इंच पात्याचा सगळा झटका येत होता. वार करण्याच्या हत्यारात पाते मुठीच्या शेवटापर्यंत गेले पाहिजे, मग ते मुठीच्या पूर्ण रुंदीचे असो वा निमुळते. निमुळती शेपटी वाईट नसते, परंतु ती लांब हवी आणि मुठीच्या बुडाला ठोकून बसवलेली किंवा आरपार खिळ्याने बांधलेली हवी.

त्यानंतर वजन आणि तोल. सुरा बोटावर आडवा ठेवून पाहा. मुठीपासून दीड-दोन इंच पुढे तोल सापडला तर वार आपोआप पडतो. मुठीतच सापडला तर तासायला छान, पण तोडताना सगळे काम खांद्याला करावे लागते. सर्वसाधारण माणसासाठी साडेचारशे ते साडेपाचशे ग्रॅम पुरे आहेत. जड हत्याराने पहिले वीस वार सुंदर पडतात, आणि एकविसाव्या वारापासून हात थकून नेम चुकू लागतो. अपघात तिथे होतात.

जाडीबद्दल जो आग्रह असतो तो मला पटत नाही. सहा मिलिमीटर जाडीचे पाते फोडताना पाचरीसारखे चालते हे खरे, पण आडवे तोडताना तीच जाडी अडते, कारण लाकडाला बाजूला सरकायला जागाच नसते. दोन-अडीच मिलिमीटरचे पाते रानमोडीत आणि चिव्यात सुरेख चालते आणि सुक्या बाभळीवर मारले की लचकून उसळते. तुमच्या कामासाठी पाठीवर चार ते पाच मिलिमीटर, आणि तिथून धारेपर्यंत सलग निमुळते होत गेलेले पाते घ्या. पाठीवरची जाडी मोजून समाधान मानू नका. धारेच्या मागे बोटभर अंतरावर पाते किती जाड आहे ते पाहा, कारण तिथेच ते लाकडात शिरते किंवा अडकते.

पोलादाचे नंतर लिहितो, आता दुसऱ्या पाळीची वेळ झाली.

कातळकडा

मी थोडा विरोधी सूर लावतो. वीस-बावीस वर्षे सह्याद्रीत फिरतो आहे आणि मोठे पाते पाठपिशवीतून केव्हाच काढून टाकले आहे. सात-आठ इंचांची घडीची करवत आणि चार इंचांचा साधा स्वीडिश मोरा सुरा एवढ्यात माझे काम होते. मनगटाएवढी सुकी फांदी करवत एका मिनिटात कापते, आवाज होत नाही, ढलप्या डोळ्यात उडत नाहीत आणि दमायला होत नाही. मोठ्या पात्याने तीच फांदी तोडायला तीस-चाळीस वार लागतात, त्यातले पाच चुकतात.

धागाकर्त्यांचे काम बागेतले आहे, गडावरचे नाही, हे मला मान्य आहे. तरीही सरपणाचे तुकडे पाडणे हे काम करवतीला द्या. मग पात्याकडे उरते फांद्यांच्या डहाळ्या छाटणे, चिवा चिरणे आणि झाडोरा साफ करणे. या कामांना सहा मिलिमीटरचा गदाधर कशाला हवा?

आडवाट

सर्वांचे मनापासून आभार. कातळकडा, करवतीचा मुद्दा पटला, ती घेतोच. परंतु ओल्या चिव्यावर करवत चालवून पाहिली तेव्हा दात बुजत होते आणि कडेचे धागे सोलून निघत होते. मिरगाचा_पाऊस, चिव्यासाठी काही खास पद्धत आहे का?

मिरगाचा_पाऊस

चिवा तोडताना पेराच्या लगेच वर तोडावा, म्हणजे बुडख्यात पाणी साचत नाही. वार खालून वर, थोडा तिरपा. मात्र बुडखा तिरपा ठेवून पुढे जाऊ नका. तो भाल्यासारखा उभा राहतो आणि पाय घसरला तर थेट मांडीत शिरतो. दुसऱ्या वाराने किंवा करवतीने त्याचे टोक आडवे करून मगच पुढे सरका. आमच्या गावात जुनी माणसे या एका गोष्टीवरून पोरांना जेवढे बोलतात तेवढे दुसऱ्या कशावरून बोलत नाहीत.

चिरताना कोयता चिव्याच्या तोंडावर मधोमध ठेवून दुसऱ्या लाकडाने हलके ठोका. फट पडली की कोयता पिळत खाली न्या, मारत बसू नका. (लिहिता लिहिता लक्षात आले की उत्तरवारा म्हणतात ते सोट्याने ठोकणे आम्हीही करतोच, फक्त बांबूवर.) बांबूने धार मात्र लवकर बसते, म्हणजे बोथट होते, कारण त्याच्या सालीत वाळूसारखे कण असतात. दिवसभर चिवा तोडायचा असेल तर दुपारी एकदा धार लावावी लागते.

वकिली_चष्मा

विषय हत्याराचा असल्याने कायद्याचे थोडे लिहितो.

शस्त्र अधिनियम १९५९ मधील व्याख्येतूनच केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. शस्त्र नियम २०१६ च्या अनुसूचीतील पाचव्या प्रवर्गात तलवारी, खंजीर, कट्यारी यांच्यासोबत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचे सुरे येतात, आणि तिथेही घरगुती, शेती, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती बाहेर ठेवली आहेत. अशा धारदार शस्त्रांसाठी परवाना लागतो तो केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या क्षेत्रांत. म्हणजे बागेत तुमचा कोयता हा शेतीचे अवजार आहे, त्याबद्दल काळजीचे कारण नाही. दोन्ही बाजूंनी धार असलेला, लढाईच्या थाटाचा दहा इंची सुरा शेतीचा आहे हे पटवणे मात्र तुम्हाला जड जाईल.

दुसरा मुद्दा प्रवासाचा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली ठरावीक काळासाठी मनाई आदेश निघतात आणि त्या काळात सार्वजनिक ठिकाणी शस्त्र बाळगणे हा कलम १३५ खाली गुन्हा ठरतो. पुण्यात गेल्या काही वर्षांत कोयता नाचवून दहशत माजवण्याचे जे प्रकार झाले, त्यामुळे पोलिसांची या एका शब्दावर करडी नजर आहे. म्हणून हत्यार बागेतच ठेवा. नेणे भागच असेल तर गोणपाटात बांधून गाडीच्या डिकीत, इतर अवजारांसोबत न्या. सीटखाली ठेवू नका.

कातळकडा यांच्यासारख्या भटक्यांसाठी तिसरा मुद्दा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि त्या कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत सुऱ्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना ही सर्व अभयारण्ये आहेत. तिथे सरपण तोडणे तर दूरच, विस्तव करण्यावरही बंधने आहेत.

कातळकडा

म्हणूनच आता गडावर गॅसची शेगडी नेतो आणि करवत गाडीत ठेवतो. स्पष्टीकरणाबद्दल आभार.

सुभेदार_निवृत्त

नमस्कार मंडळी. सैन्यात असताना दार्जिलिंगच्या बाजूला तीन वर्षे होतो आणि गोरखा पलटणीतील मित्राने निरोपाच्या वेळी दिलेली खुकरी आजही साताऱ्याच्या मळ्यावर वापरात आहे. तिचे पाते साडेदहा इंच आहे आणि पाठ मुठीजवळ जवळपास नऊ मिलिमीटर. ऐरण यांना ही जाडी आवडणार नाही, पण खुकरीत वजन पोटाशी, म्हणजे पात्याच्या रुंद भागाशी असते आणि पाते खाली झुकलेले असते, त्यामुळे मनगट न वळवताही धार लाकडाला तिरपी भिडते. कोयत्याचे वळण फांदी धरून ठेवते. खुकरीचे वळण घाव खोल घालते. दोन्ही वाकडी दिसली तरी ती एका जातीची नाहीत.

तिथले लोहार ट्रकच्या कमानपाट्यापासून (लीफ स्प्रिंगपासून) खुकरी घडवतात. पाणी देताना, म्हणजे तापलेले पाते झटक्यात थंड करून कडक करताना, ते बुडवत नाहीत; तापलेल्या पात्याच्या धारेवर किटलीच्या तोटीतून पाण्याची बारीक धार सोडतात. त्यामुळे पोटाजवळची धार कडक होते आणि पाठ चिवट राहते. खुकरीसोबत दोन छोटी पाती येतात: कर्दा तासण्यासाठी, आणि चकमक, जिला धार नसते, ती मोठ्या पात्याची धार सरळ करण्यासाठी. माझी चकमक कुठेतरी हरवली. त्याचे वाईट वाटते.

नव्या माणसाला एक सूचना. खुकरी म्यानातून काढताना म्यानाच्या धारेकडील बाजूला बोटे गुंडाळू नयेत. म्यान पाठीकडून धरावे. म्यान म्हणजे दोन लाकडी फाकांवर चढवलेले कातडे. धार मधून निघाली तर बोटांवरच येते. आमच्या तुकडीत एका जवानाला सात टाके पडले होते आणि त्याने शत्रू पाहिलाही नव्हता.

ऐरण

सुभेदारसाहेब, खुकरीची जाडी मला खटकत नाही, कारण तिच्या पाठीपासून धारेपर्यंतचा उतार लांब असतो आणि पुष्कळ खुकऱ्यांत मध्ये खोलगट पन्हळ काढून पाते हलके केलेले असते. माझा राग आहे तो जाड पट्टीला शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरमध्ये घाईने धार काढलेल्या सुऱ्यांवर.

आता पोलाद. कमानपाट्याच्या पोलादात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो आणि काही जातींत सिलिकॉन भरपूर असते. वर्षानुवर्षे धक्के खाऊन परत सरळ होणे हेच त्याचे काम, त्यामुळे वार करणाऱ्या हत्याराला ते उत्तम. परदेशी मोठ्या सुऱ्यांत वापरतात ते १०९५ पोलाद जवळपास ०.९५ टक्के कार्बनचे. धार जास्त टिकते, पण पाणी देताना जास्त जपावे लागते. दोन्हींना रॉकवेल मापाने ५५ ते ५७ इतका कडकपणा पुरे. साठच्या वर गेलेले पाते स्वयंपाकघरात शोभते. गाठीवर मारले की त्याच्या धारेचे टवके उडतात. स्टेनलेस पोलादानेही चांगले मोठे पाते करता येते, पण त्याची उष्णताप्रक्रिया गावच्या भट्टीत होत नाही आणि स्वस्त सुऱ्यांत ती कारखान्यातही नीट झालेली नसते.

लोहाराकडून करून घेणार असाल तर चार गोष्टी समोर उभे राहून पाहा. पाटा भंगारातला असेल तर तापवण्यापूर्वी टांगून हातोडीने ठोका. खणखणीत नाद आला पाहिजे. बद्द आवाज म्हणजे आत चीर असण्याची शंका. पाणी देण्यापूर्वी पात्याला लोहचुंबक लावा. पोलाद साधारण ७७० अंशांना चुंबकाला चिकटेनासे होते आणि त्याच्या किंचित वर गेल्यावर पाणी द्यायचे असते. पांढरट पिवळे होईपर्यंत तापवले तर दाणा जाड होऊन पाते ठिसूळ बनते. कमानपाट्याला शक्य तर पाण्याऐवजी कोमट तेलात बुडवायला सांगा, कारण पाण्यात तडा जाण्याचा धोका मोठा. आणि त्यानंतर पुन्हा हलके तापवून कडकपणा थोडा उतरवणे कधीही टाळू देऊ नका. घासून चकचकीत केलेल्या पाठीवर गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा असे रंग चढत जातात. वार करणाऱ्या पात्याच्या धारेला तपकिरी-जांभळ्याच्या सीमेवर थांबवावे. पाठ निळी झाली तरी चालते.

दवबिंदू

चर्चा पुरुषी मनगटांची चालली आहे, म्हणून थोडे वेगळे लिहिते. संगमेश्वरजवळ आमची सुपारी आणि मसाल्याची बाग आहे आणि छाटणीचे बहुतेक काम मीच करते. बाजारातल्या तयार कोयत्यांची मूठ माझ्या हाताला जाड पडते. मुठीत बोटे पूर्ण मिटत नसतील तर ती घट्ट आवळावी लागते, आणि आवळलेला हात लवकर दमतो. मी मूठ तासून लंबगोल करून घेतली आहे. गोल मूठ ओल्या हातात फिरते आणि पाते तिरपे पडते. लंबगोल मुठीत धार कुठे आहे हे न पाहताही कळते. मुठीचे बूड थोडे फुगीर ठेवले की घामाने हात घसरला तरी तिथे अडकतो. गुळगुळीत पॉलिश तेवढे काढून टाका.

जळवून, म्हणजे पात्याची तापलेली शेपटी लाकडात घुसवून बसवलेल्या मुठी उन्हाळ्यात सुकून सैल होतात. पुष्कळ जण कोयता रात्रभर पाण्यात उभा ठेवतात. लाकूड फुगते आणि पाते घट्ट होते, पण ते दोनच दिवस. सुकल्यावर मूठ पूर्वीपेक्षा सैल निघते. पाते काढून, भोक कोरडे करून, एरल्डाइट भरून पुन्हा बसवा आणि मुठीवरचे लोखंडी कडे तपासा.

आडवाट, काजूच्या फांद्या तोडताना ताज्या सालीतला चीक अंगावर उडू देऊ नका, कातडी काळी पडते. चीक पात्यावरही चिकटून राहतो. काम संपल्यावर खोबरेल तेलाच्या फडक्याने पुसा. त्यानेच गंजही थांबतो. पावसाळ्यात आमच्याकडे एका रात्रीत पाते तांबूस होते.

आडवाट

ताई, मुठीचा मुद्दा कोणत्याही चित्रफितीत ऐकला नव्हता. घरातल्या जुन्या कोयत्याची मूठ हलवून पाहिली, खरोखरच खुळखुळते आहे.

मी आता असा विचार करतो आहे: पाणंदीसाठी हाच जुना चोचीचा कोयता मूठ बदलून ठेवायचा; सरपणासाठी करवत; आणि तिसरे, लोहाराकडून सरळ धारेचे, चोच नसलेले दहा इंची पाते करून घ्यायचे. धागा एका पात्यासाठी काढला होता, तो तीन हत्यारांवर आला. हे योग्य आहे ना?

उत्तरवारा

योग्य आहे. दहाऐवजी नऊ इंच करा, वकीलसाहेबांचे मापही पाळले जाईल. मूठ मात्र बोटभर लांब ठेवायला सांगा.

वकिली_चष्मा

माझे माप नव्हे, नियमांचे. आणि रुंदीही दोन इंचांच्या आत ठेवा.

आडवाट

दोन महिन्यांनी परत येतो आहे. आठवडी बाजारात बसणाऱ्या लोहाराला कागदावर आकृती काढून दिली. त्याने ती पाहिली, घडी करून खिशात घातली आणि विचारले, "तोडायचं काय हाय?" मी सांगितले. त्याने आकृतीतला पोटाचा भाग स्वतःच्या मनाने थोडा रुंद केला आणि वजन पुढे आणले. चुंबकाचा प्रयोग त्याला फार आवडला. नंतर त्याने ते चुंबक माझ्याकडूनच मागून घेतले. तेल वापरायला मात्र कुरकुर केली, कारण धूर होतो.

पाते पावणेनऊ इंच, पाठ मुठीजवळ पाच मिलिमीटर, पोटाशी रुंदी दोन इंचांना जेमतेम कमी, वजन मुठीसह ४९० ग्रॅम. मूठ बाभळीची, लंबगोल, दोन खिळ्यांनी आरपार बांधलेली. काजूची मनगटाएवढी सुकी फांदी दहा-बारा वारांत तुटते, तिरपे वार दोन्ही बाजूंनी घातले तर. ऐनाच्या सुक्या फांदीवर एकदा गाठीत मारले. धार किंचित वळली, टवका उडाला नाही. जांभ्याच्या बांधावर दोनदा आपटले ती माझी चूक. चिवा चिरताना सरळ धार कोयत्यापेक्षा बरी वाटते. पाणंदीत मात्र हे पाते साफ हरते. करवंदाची फांदी वारासोबत मागे जाते आणि परत येऊन हाताला ओरबाडते. तिथे जुना कोयताच.

एक शंका. धार काढण्यासाठी शेजारच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर धरले तेव्हा टोकाजवळ अर्धा इंच निळा डाग पडला. त्याने काही बिघडते का?

ऐरण

बिघडते. निळा डाग म्हणजे तिथला कडकपणा उतरला; तेवढी धार आता लवकर बसेल आणि मुरडेल. डाग धारेतच असेल तर कानशीने तेवढा भाग हळूहळू घासून काढा, एकदोन महिन्यांच्या धार लावण्यात तो आपोआप जाईल. यापुढे ग्राइंडर नको. आधी बारीक कानस, मग कुरुंदाचा दगड, पाणी घालून. प्रत्येक बाजूने साधारण वीस अंश, आणि धारेचा खांदा थोडा गोलसर ठेवा. कोयत्याच्या आतल्या वळणासाठी अर्धगोल कानस लागेल. वळलेली धार आधी कानशीने कापू नका. गुळगुळीत पोलादी कांबीवर दाबून ओढा, बहुतेक सरळ होते. सुभेदारसाहेबांची हरवलेली चकमक नेमकी याच कामाची.

दवबिंदू

वार करताना उभे राहता की बसून? विचारते आहे, कारण तिरप्या वारांचे लिहिलेत.

आडवाट

आत्तापर्यंत उभ्याने, वाकून.

दवबिंदू

तसे करू नका. आडव्या फांदीखाली जाड ओंडका ठेवा आणि एका गुडघ्यावर बसा. वार चुकला तर पाते ओंडक्यात किंवा मातीत जाते. उभ्याने चुकले तर नडगीत येते. माझ्या डाव्या नडगीवर अडीच इंचांचा व्रण आहे, दहा वर्षांपूर्वीचा, पावसातला. स्वच्छ फडके घट्ट दाबून धरले आणि रिक्षाने तालुक्याला गेले. धनुर्वाताची सुई राहिली होती, तीही तेव्हाच घेतली. तोडताना दुसरा हात फांदीवर ठेवायचा असेल तर वाराच्या जागेपासून किमान हातभर लांब, आणि समोर कोणी उभे राहू देऊ नका. हे तुमचे पाते उडणार नाही, पण ढलपी उडते.

मिरगाचा_पाऊस

नव्या पात्याला म्यान काय केले आहे?

आडवाट

अजून काही नाही. गोणपाटात गुंडाळून पडवीत ठेवतो. आकडीत बसेल का ते, चोच नसताना?

मिरगाचा_पाऊस

बसेल; पोटाशी रुंद आहे, त्यामुळे खाली निसटणार नाही. फक्त चढ चढताना आणि बसताना आधी काढून हातात घ्या. आमच्या माळ्यावर वडिलांची जुनी आकडी पडून आहे. लांज्याहून मुंबई-गोवा महामार्गाने इकडे यायला फार वेळ लागत नाही. एखाद्या रविवारी या, घेऊन जा. येताना पातेही आणा, मला त्याचा तोल पाहायचा आहे.

आडवाट

येत्या रविवारी येतो. पाते डिकीत, गोणपाटात, फावड्यासोबत बांधून आणतो, म्हणजे वकीलसाहेबांची हरकत नसावी. कमरेचे माप छत्तीस आहे, दोरी तेवढी पुरेल ना?

मिरगाचा_पाऊस

वडिलांची कमर अठ्ठावीस होती. दोरी नवी वळून ठेवतो.